स्ट्राँग पेल एल : रंग, कडूपणा आणि नवशिक्याचा आत्मविश्वास

आधी पात्रता. ही मार्गदर्शिका अमेरिकेत राहणाऱ्या, वयाची एकवीस वर्षं पूर्ण केलेल्या आणि गॅरेजमध्ये गाडी सोडून बाकी सगळं ठेवणाऱ्या मराठी माणसासाठी आहे. आपण महाराष्ट्रात असाल तर वाचून करमणूक करून घ्यावी, पातेलं मात्र गॅसवर चढवू नये. १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय बिअर बनवणं हा गुन्हा आहे आणि 'साहेब, मी फक्त रंग जुळवत होतो' हा बचाव कुठल्याही कोर्टात टिकणारा नाही.

अमेरिकेतही ही मुभा फार जुनी नाही. १९३३ साली दारूबंदी उठली तेव्हा घरगुती वाइनला सूट मिळाली, घरगुती बिअर राहून गेली. ती कायदेशीर व्हायला १९७८ उजाडलं. जिमी कार्टर यांनी सही केली. केंद्रीय कायद्याप्रमाणे एक प्रौढ असलेल्या घराला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढ असलेल्या घराला २०० गॅलन. दोनशे गॅलन म्हणजे साडेसातशे लीटरच्या वर. सासू-सासरे सहा महिन्यांसाठी आले म्हणून हा आकडा वाढत नाही, याची नोंद घ्यावी.

आता बिअर कोणती करायची? जाणकार सांगतील की पहिली खेप साध्या, सौम्य बिअरची करा. कोणी ऐकत नाही. नवशिक्या थेट स्ट्राँग पेल एलवर येतो, कारण मेहनत तेवढीच आणि अल्कोहोल दीडपट, असा त्याचा हिशोब असतो. हिशोब बरोबर आहे. फक्त त्याला असंही वाटत असतं की रंग आणि कडूपणा ही दोन वेगवेगळी बटणं आहेत, एक या हातानं फिरवायचं, दुसरं त्या हातानं. त्या दोन्ही बटणांना मागून एकच तार जोडलेली आहे आणि त्या तारेचं नाव 'स्ट्राँग'. बिअर कडक करायला मॉल्ट वाढवलं की रंग आपोआप गडद होतो, आणि त्याच मॉल्टमुळे हॉप्सचा कडूपणा कमी उतरतो. पुढची सगळी मार्गदर्शिका म्हणजे या एका वाक्याचे भोग आहेत.

साहित्य

पाच गॅलन, म्हणजे १९ लीटर बिअरसाठी : फिकट पेल मॉल्ट साडेसहा किलो, भरडलेलं (मॉल्ट म्हणजे मोड आणून, वाळवून, भाजलेला जव). क्रिस्टल ६० मॉल्ट ४५० ग्रॅम. याबद्दल पुढे भांडण आहे. कडूपणासाठी मॅग्नम हॉप्स, वासासाठी कॅस्केड (हॉप्स म्हणजे एका वेलीची कडू, सुवासिक फुलं). एल यीस्टची दोन पाकिटं. पस्तीस लीटरचं पातेलं. थर्मामीटर. ग्रॅम दाखवणारा वजनकाटा. आईनं दिलेली वाटी हे माप नव्हे. हायड्रोमीटर दोन, कारण पहिला धुताना फुटतो. आणि घरातल्यांची संमती, शक्यतो लेखी, कारण उकळत्या हॉप्सचा वास पडद्यांत बसतो आणि दुसऱ्या दिवशीच्या सत्यनारायणाला तो तिथेच असतो.

कृतीचा सांगाडा सोपा आहे. भरड ६७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवायची, गोड पाणी गाळून घ्यायचं, त्याला वर्ट म्हणतात. वर्ट तासभर खळखळून उकळायचा, त्यात ठरल्या वेळी हॉप्स टाकायचे, थंड करायचा, यीस्ट घालायचं, दोन-तीन आठवडे वाट पाहायची. भांडी कशी निर्जंतुक करायची ते पाकिटावर लिहिलेलं असतं. पाकीट वाचा. आपण रंगाकडे वळू.

रंग

बिअरचा रंग मोजायची सुरुवात जोसेफ लव्हिबाँड या इंग्रज ब्रूअरनं केली. रंगीत काचांच्या पट्ट्या घेऊन बिअर त्यांच्याशी ताडून पाहायची, असं त्याचं यंत्र होतं. सॅलिसबरीच्या कथीड्रलमधल्या रंगीत काचा पाहून ते सुचलं असं सांगतात. मॉल्टच्या पाकिटावर आजही त्याच्याच नावाचे अंश छापलेले असतात. क्रिस्टल ६० मधले साठ हे लव्हिबाँडचे साठ. तयार बिअरचा रंग मात्र आता एसआरएम या एककात मोजतात : ४३० नॅनोमीटरचा निळा प्रकाश बिअरमधून पाठवायचा आणि किती अडला ते पाहायचं. फक्त निळाच. त्यामुळे एक बिअर लालसर आणि दुसरी तपकिरी असूनही दोघींचा आकडा एकच येऊ शकतो. पाहुण्यांसमोर एसआरएमचा आकडा सांगून छाप पाडायची असेल तर हा तपशील सांगू नका.

गणित असं. प्रत्येक मॉल्टचे पौंड गुणिले त्याचे लव्हिबाँड, सगळ्यांची बेरीज, भागिले गॅलन. या आकड्याचा ०.६८५९ वा घात काढून १.४९२२ नं गुणायचं. हे मोरी यांचं सूत्र. आपल्या पाककृतीत फक्त पेल मॉल्ट (लव्हिबाँड ३) घेतलं तर साडेसहाच्या आसपास एसआरएम येतो : सोनेरी, देखणा. त्यात ते ४५० ग्रॅम क्रिस्टल ६० घातलं की जवळजवळ बारा. तांब्याच्या कळशीकडे सरकणारा. क्रिस्टल ६० च्या जागी तेवढंच क्रिस्टल ४० घेतलं तर दहाच्या थोडं वर. म्हणजे अर्धा किलोही नसलेलं मॉल्ट साडेसहा किलोंना जुमानत नाही.

इथे नवशिक्याला एक कल्पना सुचते. क्रिस्टलचा गोडवा नको, नुसता रंग हवा, तर एकदम काळा भाजलेला जव चिमूटभर घालू. कल्पना चांगली आहे. व्यावसायिकही हेच करतात. अडचण 'चिमूटभर' या शब्दात आहे. पाचशे लव्हिबाँडचा भाजलेला जव एक औंस, म्हणजे जेमतेम २८ ग्रॅम घातला की साडेसहाचा रंग साडेनवावर जातो. तीन एसआरएम. त्या हिशोबानं मराठी माणसाची मूठ हे बिअरसृष्टीतलं सर्वांत धोकादायक माप आहे. 'अजून थोडं पडलं तर काय होतंय' म्हणून तीन मुठी पडल्या की पेल एलचं पोर्टर होतं, आणि चवीत करपलेली कॉफी येते ती वेगळीच. तेव्हा काटा वापरा, आणि काळा जव भरड भिजवण्याच्या तासातल्या शेवटच्या दहा मिनिटांत घाला. रंग उतरतो, करपटपणा कमी उतरतो.

मॉल्टऐवजी तयार अर्क वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. स्वयंपाकघरातल्या शेगडीवर १९ लीटर मावत नाही म्हणून लोक दहा लीटर दाट वर्ट उकळतात आणि शेवटी पाणी घालतात. दाट साखरेचं पाणी तासभर उकळलं की ते काळवंडतंच. पाव खरपूस होताना जी रासायनिक क्रिया चालते तीच इथे चालते. वर पातळ अर्काचा डबा दुकानात वर्षभर पडलेला असेल तर तो घरी यायच्या आधीच गडद झालेला असतो. उपाय फुकट आहे : अर्धा अर्क सुरुवातीला, अर्धा शेवटच्या दहा मिनिटांत. बहुतेक 'माझी पेल एल तपकिरी का झाली' या प्रश्नांचं उत्तर एवढंच असतं. पण नवशिक्या हे करायच्या आधी महागडं मॉल्ट बदलून पाहतो, पाणी बदलून पाहतो आणि शेवटी अमेरिकेतल्या शेगड्यांना दोष देतो. नाचता येईना, अंगण वाकडं. इथे तर अंगण भाड्याचं.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. बिअर आंबत असताना काचेच्या मोठ्या बुधल्यात पाहून रंगाबद्दल कोणतंही मत बनवू नका. तिथे प्रकाशाला फूटभर बिअर ओलांडावी लागते, ग्लासात जेमतेम अडीच-तीन इंच. जितकी जाडी तितका प्रकाश जास्त अडतो, हा प्रकाशशास्त्रातला साधा नियम, आणि त्या नियमाशी जोडलेल्या जर्मन शास्त्रज्ञाचं नाव ऑगस्ट बेअर, इंग्रजी स्पेलिंग थेट बिअरचं. जाडीची गोष्ट तर त्याच्याही आधीपासून माहीत आहे. तरीही दर खेपेला एखादा नवा भिडू बुधल्याचा फोटो काढून 'काळी झाली हो!' म्हणून पाठवतो. आणि फोन त्या फोटोचा पिवळेपणा स्वतःच्या मर्जीनं सुधारून घेतो. ग्लासात ओता, मागे पांढरा कागद धरा, खिडकीपाशी उभे राहा. मग बोला.

कडूपणा

हॉप्सच्या गोळ्या हिरव्या, भुरभुरीत असतात. बोटांत चुरडली की पिवळसर चिकट पूड हाताला लागते; तिच्यात अल्फा आम्लं असतात. ती तशीच पाण्यात फारशी विरघळत नाहीत आणि फारशी कडूही लागत नाहीत. उकळताना त्यांची रचना बदलते आणि मग ती विरघळतातही आणि कडूही होतात. लीटरमागे अशा बदललेल्या आम्लाचा एक मिलिग्राम म्हणजे ढोबळमानानं एक आयबीयू. नवशिक्यानं लक्षात ठेवायचं इतकंच : कडूपणा वेळेनं येतो, वास वेळेनं जातो. साठ मिनिटं उकळलेले हॉप्स कडू, शेवटच्या पाच मिनिटांतले सुगंधी.

गोळ्या टाकायची पद्धत : खळखळत्या वर्टमध्ये पूर्ण पाकीट एकदम रिकामं करावं. मग पातेल्यातला हिरवा फेस दोन सेकंदांत काठापर्यंत येतो, तिसऱ्या सेकंदाला शेगडीवर आणि पाचव्या सेकंदाला जमिनीवर. तो वाळला की फरशीवर चिकट, तपकिरी थर बसतो. ज्यांना हा अनुभव नको असेल त्यांनी आच मंद करावी, चार-पाच वेळा थोडं थोडं टाकावं आणि हाताशी गार पाण्याची फवारणी ठेवावी. पहिली पद्धतच जास्त प्रचलित आहे.

किती टाकायचे? हॉप्सच्या पाकिटावर अल्फा टक्के लिहिलेले असतात. मॅग्नमचे १३ धरू. २८ ग्रॅम मॅग्नममध्ये ३६४० मिलिग्राम अल्फा आम्ल, भागिले १९ लीटर, म्हणजे लीटरमागे १९० च्या थोडं वर. हे सगळं कडूपणात उतरलं असतं तर जिभेला लकवाच मारला असता. ग्लेन टिनसेथ यांच्या सूत्राप्रमाणे तासभर उकळून यातला एक चतुर्थांशसुद्धा धड उतरत नाही. आणि इथेच 'स्ट्राँग'ची तार ओढली जाते. वर्टची घनता १.०५० असेल तर २३ टक्के उतरतं, १.०७० असेल तर १९. तेच हॉप्स, तेवढाच वेळ, तेवढंच पाणी. साध्या पेल एलमध्ये ४४ आयबीयू, आपल्या स्ट्राँगमध्ये ३७. सात आयबीयू कुठे गेले म्हणून शोधत बसू नका.

त्यावर नवशिक्याचा उपाय : 'मग जास्त वेळ उकळू.' तासाऐवजी दीड तास उकळलं तर सूत्राप्रमाणे कडूपणा सात टक्क्यांनी वाढतो. म्हणजे ३७ चे ४० सुद्धा धड होत नाहीत. त्या अर्ध्या तासात पाणी आटतं, वर्ट आणखी दाट होतो आणि काय होतं? रंग गडद होतो. हॉप्स वाढवा. स्वस्त पडतात.

पण मुळात किती कडू हवी? रे डॅनिएल्स यांनी १९९६ च्या आपल्या पुस्तकात एक सोपं गुणोत्तर रूढ केलं : आयबीयू भागिले घनतेचे शेवटचे अंक. घनता १.०७० तर सत्तर. ३५ आयबीयू असेल तर गुणोत्तर अर्धं, साधारण तोल राखणारं. साठ असेल तर ०.८६, जीभ दचकते पण हसते. सत्तरच्या पुढे गेलात तर पाहुणे दुसरा ग्लास मागत नाहीत, आणि हाच हेतू असेल तर आकडा अगदी योग्य आहे. शंभराच्या आसपास बिअरमध्ये आणखी विरघळायला जागाच उरत नाही. तिथून पुढे फक्त लेबलवरचा आकडा वाढतो. अमेरिकन स्ट्राँग एलसाठी स्पर्धांचे परीक्षक ५० ते १०० आयबीयू आणि ७ ते १८ एसआरएम एवढं मोकळं रान देतात. एवढ्या रानात न मावणारी बिअर बनवायला खास कौशल्य लागतं, आणि ते नवशिक्याकडे असतं.

आता चव घेण्याबद्दल. कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं तरी कडू ते कडूच, असं आपण म्हणतो. वर्टच्या बाबतीत नवशिक्या नेमकं याच्या उलट धरून चालतो. उकळी संपली की तो चमचाभर वर्ट चाखतो. त्यात साखर इतकी असते की साठ आयबीयू कुठल्या कुठे दडलेले असतात. 'अरे, कडूच नाही!' म्हणत तो आणखी एक पाकीट ओततो. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत यीस्ट ती साखर खाऊन टाकतं, १.०७० ची घनता १.०१५ वर येते, साधारण सात टक्के अल्कोहोल होतं, आणि मागे उरतं ते कारलं. यीस्ट थोडा कडूपणा स्वतःबरोबर तळाशी नेतं हे खरं, पण साखर देत होती तेवढा दिलासा त्यातून मिळत नाही. वर्ट चाखून कडूपणा ठरवायचा नाही. अजिबात नाही. कागदावर ठरवायचा, आणि कागदावर विश्वास ठेवायचा.

कागदावर तरी कितपत? पाकिटावरचा अल्फा आकडा हॉप्स ताजे असतानाचा. पाकीट उघडून, क्लिप लावून फ्रिजच्या दारात कोथिंबिरीशेजारी ठेवलं तर महिन्यागणिक अल्फा घटतो. हवा काढून, बंद करून फ्रीझरमध्ये ठेवा. दुसरं म्हणजे आंबवण झाल्यावर थंड बिअरमध्ये जे हॉप्स टाकतात त्यांना गणकयंत्र शून्य आयबीयू देतं, कारण उकळी नाही. जिभेला मात्र त्यातूनही थोडा कडूपणा लागतोच. हॉप्स साठवणीत हवेशी मिसळून तयार झालेली काही संयुगं थंडीतही विरघळतात. तेव्हा शून्यावर भरवसा ठेवून शंभर ग्रॅम टाकू नयेत.

आणि पाणी. इंग्लंडमधल्या बर्टन-अपॉन-ट्रेंट गावच्या विहिरींत जिप्सम भरपूर, म्हणून तिथली पेल एल कोरडी, धारदार कडू लागायची. ही धार तुम्हीही आणू शकता : १९ लीटरला एक ग्रॅम जिप्सम घातलं की लीटरमागे साधारण २९ मिलिग्राम सल्फेट वाढतं. आयबीयू तेवढेच राहतात, पण कडूपणा टोकदार वाटतो. उलट कॅल्शियम क्लोराइड घातलं तर गोलाई येते. यांतलं काहीही प्रमाणाबाहेर घातलं तर मात्र पडीक घराच्या भिंतीची चव येऊ लागते.

बर्टनचा विषय निघाला म्हणून थोडं विषयांतर. ही कडू पेल एल आपल्या मुंबईपर्यंत यायची. लंडनच्या बो भागातल्या जॉर्ज हॉजसनच्या ब्रूअरीतून ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांचे कप्तान ती घेत, कारण ब्रूअरी गोदीच्या जवळ होती आणि हॉजसन उधारी देत असे. पुढे १८२०च्या दशकात बर्टनच्या ऑलसॉप आणि बास यांनी त्याचा बाजार हिसकावला. हॉजसननं समुद्रप्रवासात टिकावी म्हणून ही बिअर शोधून काढली, ही गोष्ट प्रत्येक पबच्या मेनूकार्डावर असते. मार्टिन कॉर्नेल यांच्यासारख्या बिअर-इतिहासकारांनी ती कधीच मोडीत काढली आहे. कडक, फिकट, हॉप्सनं भरलेली 'ऑक्टोबर बिअर' इंग्लंडातल्या जमीनदारांच्या तळघरांत आधीपासून होतीच, आणि ती वर्ष-दोन वर्षं ठेवूनच प्यायची रीत होती. जहाजाच्या पोटात, उष्ण कटिबंध दोनदा ओलांडताना ती लवकर मुरायची इतकंच. जमीनदाराला घाई नव्हती. ती तुम्हाला आहे.

वरातीमागून घोडं

समजा, सगळं झालं, बिअर आंबली, आणि आता ती जास्त काळी, कमी कडू, किंवा नवशिक्यांच्या बाबतीत नेहमी होतं तसं, जास्त काळी आणि जास्त कडू निघाली. काय करता येतं?

कमी कडू असेल तर काम सोपं. दुकानात हॉप्सचा तयार, रचना बदललेला अर्क मिळतो. १९ लीटरमध्ये दहा आयबीयू वाढवायला १९० मिलिग्राम कडू आम्ल लागतं. ३० टक्क्यांचा अर्क असेल तर ते सुमारे ०.६३ ग्रॅम. थोडं वाया जाईल असं धरून पाऊण ग्रॅम, सिरिंजनं मोजून. थेंब अंदाजानं टाकू नका. दुसरा मार्ग थोड्या पातळ वर्टमध्ये हॉप्स वेगळे उकळून तो काढा मिसळण्याचा. नुसत्या पाण्यात उकळूनही चालतं, पण चव ओबडधोबड येते.

कमी गडद असेल तर जर्मनीच्या बाम्बर्गमधल्या वायरमान कंपनीचं सिनामार नावाचं गडद द्रव मिळतं. ते भाजलेल्या मॉल्टपासूनच केलेलं असल्यानं जर्मन शुद्धता नियमातही बसतं. जिलबीचा रंग बसत नाही. कोणीतरी विचारणार होतंच.

जास्त गडद असेल तर? रंग काढता येत नाही. पाणी घालून फिकट होते, पण मग 'स्ट्राँग' उरत नाही, आणि ज्या शब्दासाठी हा सगळा खटाटोप केला तोच गेला. प्रामाणिक उपाय एकच : दुसरी, फिकट आणि मवाळ खेप करा आणि दोन्ही मिसळा. मिश्रणाचं गणित सरळ सरासरीचं आहे. १६ एसआरएम आणि ६ एसआरएम समसमान मिसळले तर अकराच्या आसपास. ७० आयबीयू आणि ३० आयबीयू मिसळले तर ५०. म्हणजे एक बिघडलेली पाच गॅलन दुरुस्त करायला आणखी पाच गॅलन. घरातल्यांना हे तर्कशास्त्र समजावून सांगताना आवाज शांत ठेवावा. मिसळताना हवा जाऊ देऊ नये. नळीचं टोक तळाशी ठेवावं आणि बिअर खळखळू देऊ नये.

जास्त कडू असेल तर वाट पाहणं हा जुना, फुकटचा आणि अत्यंत अप्रिय उपाय आहे. काही महिन्यांत कडूपणा मऊ पडतो. सात टक्क्यांची बिअर तेवढा काळ थंड, अंधाऱ्या जागी नीट राहते. पण बाटलीत शिरलेल्या हवेमुळे याच काळात रंग हळूहळू गडद होतो. बघा, पुन्हा तीच तार. एक सुधारायला गेलं की दुसरं बिघडतं, आणि दोन्ही एकदम सुधारतील अशी बाटली मला तरी कोणी दाखवलेली नाही.

यातलं काहीच जमलं नाही तर शेवटचा उपाय, जो सर्व अनुभवी मंडळी वापरतात आणि कोणी लिहीत नाही : नाव बदला. पेल एल तांबूस झाली तर अँबर. लालसर झाली तर रेड. तपकिरी आणि गोडसर तर ओल्ड एल. अगदी डांबरासारखी काळी झाली तरी हरकत नाही. 'ब्लॅक इंडिया पेल एल' नावाचा प्रकार स्पर्धांच्या यादीत खरोखर आहे. काळी आणि फिकट एकाच लेबलवर बसवणाऱ्या या छंदाची सोय मोठी आहे. नाव मात्र बाटल्या भरायच्या आधी ठरवा. चवीनंतर ठरवलेलं नाव पाहुणे ओळखतात, विशेषतः सासरे. ते घोट घेतील, ग्लास उजेडाकडे धरतील आणि एवढंच म्हणतील, "जावईबापू, तुम्ही मुद्दाम अशी केलीत ना?" हो म्हणा.

नवशिक्यांचे नेहमीचे प्रश्न

हॉप्सऐवजी कडुनिंबाचा पाला चालेल का? हॉप्स येण्याआधी युरोपातले लोक निरनिराळ्या झुडपांनी बिअर कडू करत, त्यामुळे कल्पना नवी नाही. पण निंबात अल्फा आम्ल नाही. गणकयंत्र शून्य दाखवेल आणि तोंड शंभर. करू नका.

हिरव्या बाटल्या सुंदर दिसतात, त्यात भरू? नाही. उजेड लागला की हॉप्समधली कडू आम्लं फुटतात आणि गंधकयुक्त, स्कंक या प्राण्याचा वास येणारं संयुग तयार होतं. ऊन असेल तर काही मिनिटं पुरतात. तपकिरी काच वापरा.

बिअर गढूळ आहे, रंगाचं काय? गढूळ असताना रंग ठरवू नये. आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवा, गाळ बसू द्या.

पुढच्या खेपेला काय बदलू? एकच गोष्ट. क्रिस्टल बदललंत तर हॉप्स तेच ठेवा, हॉप्स बदललेत तर मॉल्ट तेच. आणि घनता दोन्ही वेळा तीच आणा, नाहीतर तुलना करण्यात अर्थ नाही. वहीत ग्रॅम लिहा. 'थोडं जास्त' असं लिहू नका.

मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात ठेवू का? घरी केलेली बिअर विकता येत नाही. तिकिटाच्या पैशांत एक ग्लास धरलेला असेल तर तीही विक्री ठरू शकते, आणि घराबाहेर नेण्याचे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे आहेत. आपल्या राज्याचा नियम आधी वाचा, मगच बाटल्या गाडीत ठेवा. पैसे मात्र कोणाकडूनही घेऊ नका.